धर्मग्रामाच्या वह्या आणि वसईची घराणी

वसईतल्या ख्रिस्ती घराण्याचा मागोवा धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) वह्यांपासून सुरू होतो. बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदी धर्मगुरूंनी ठेवाव्यात ही रीत युरोपातली. इंग्लंडमध्ये थॉमस क्रॉमवेलने १५३८ साली प्रत्येक खेड्यातल्या चर्चला अशी वही ठेवायला लावली. कॅथलिक चर्चने १५६३मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेत विवाहाची नोंद सक्तीची केली. त्या वेळी वसई पोर्तुगीजांकडे होती. गुजरातच्या बहादूरशहाने २३ डिसेंबर १५३४च्या तहाने ती त्यांना देऊन टाकली होती. इंग्लंडमधल्या खेड्यात आडनाव धरून शेकडो वर्षे मागे जाता येते. वसईत मात्र ते धर्मांतराच्या टप्प्यावर थांबते, कारण डिसोझा, परेरा, लोपीस, रॉड्रिग्ज ही आडनावे बाप्तिस्म्याबरोबरच मिळालेली आहेत.

वसई रोड स्थानकातून पश्चिमेला बाहेर पडलो की पहिला जुना धर्मग्राम माणिकपूरचा. इथले सेंट मायकल चर्च १६०६चे. मात्र चर्च तेवढे जुने म्हणून वह्याही तेवढ्याच जुन्या, असे गृहीत धरू नये. दमट हवा, वाळवी आणि सत्तांतरे यांतून कागद निभावणे अवघड. बाप्तिस्म्याच्या नोंदीत मुलाचे नाव, जन्माची व संस्काराची तारीख, आईवडील, धर्ममातापिता आणि धर्मगुरूंची सही असते. १९१७च्या धर्मसंहितेनंतर त्याच नोंदीच्या कडेला पुढे झालेल्या लग्नाचा शेराही घालावा लागे. शोधणाऱ्याला खरा उपयोग या कडेच्या शेऱ्यांचा होतो. सून कोणत्या गावची आणि मुलगी कोणत्या गावी गेली, हे त्यावरून कळते. धर्ममातापित्यांची नावेही सोडू नयेत. ते बहुधा नात्यातले किंवा आळीतले असतात.

माणिकपूरहून बस पापडीला जाते. वसई धर्मप्रांत २२ मे १९९८ रोजी मुंबईच्या महाधर्मप्रांतातून वेगळा झाला आणि पापडीचे चर्च त्याचे कॅथेड्रल बनले. त्याआधीच्या इतिहासात आणखी एक वळण आहे. १८८६मध्ये दमण धर्मप्रांत स्थापन झाला, तो १९२८मध्ये बरखास्त झाला आणि त्यातला वसईचा भाग मुंबईकडे आला. त्यामुळे एकाच चर्चची जुनी कागदपत्रे वेगवेगळ्या कार्यालयांत विभागलेली असू शकतात. जुन्या नोंदींसाठी पोर्तुगीज आणि थोडी लॅटिन यावी लागते. अडचण भाषेची कमी, आडनावांची जास्त. एकाच धर्मग्रामात एकाच नावाआडनावाची माणसे इतकी सापडतात, की वडिलांचे नाव आणि आळी हाताशी नसेल तर भलताच माणूस पणजोबा होऊन बसतो.

पुढे वसई गाव आणि किल्ला. फ्रान्सिस्कन चर्चच्या भग्न अवशेषांत पोर्तुगीज मजकूर कोरलेल्या थडग्यांच्या शिळा पाहिल्या. काहींवर घराण्यांची मानचिन्हे आहेत. पर्यटक त्या पाहून ‘आपले पूर्वज’ म्हणतात, पण हे दगड पोर्तुगीज सरदारांचे आहेत. वाडीत केळी आणि पानवेल लावणाऱ्याचे नव्हेत. जोझे गेर्सन द कुन्हा यांनी या किल्ल्यातले लेख १८७६च्या आपल्या चौल-वसईवरच्या ग्रंथात नोंदवले. झिजलेल्या शिळांसाठी आता त्याच ग्रंथाकडे वळावे लागते. कष्टकऱ्यांचा मागोवा महसुलाच्या कागदांत लागण्याची शक्यता अधिक. पोर्तुगीज अधिकारी सिमाँव बोतेल्यूने १५५४ साली तयार केलेल्या नोंदवहीत वसईच्या परगण्यांचे उत्पन्न आहे. त्यात माणसांपेक्षा गावे भेटतात, पण गाव सापडले तरी बरेच मिळाले म्हणायचे.

किल्ल्याकडून उत्तरेला वळले की गास लागते. इथे संत गोन्सालो गार्सियांचे चर्च आहे. वसईत जन्मलेले, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकीत हुतात्मा झालेले आणि १८६२मध्ये संत म्हणून घोषित झालेले हे पहिले भारतीय. वडील पोर्तुगीज, आई वसईची. एवढ्या प्रसिद्ध माणसाचेही जन्मवर्ष १५५६ की १५५७, हे ठरत नाही. मग साध्या शेतकऱ्याच्या नोंदीकडून किती अपेक्षा ठेवावी?

निर्मळ, वाघोली, नंदाखाल हा सामवेदी अर्थात कादोडी बोलीचा टापू. ही बोली इथले ख्रिस्ती आणि ब्राह्मण दोघेही बोलतात, म्हणून धर्मांतरापूर्वीच्या नात्यांचा विचार करताना ती दुर्लक्षून चालत नाही. काही कुळांत धर्मांतरापूर्वीचे आडनाव किंवा घराचे टोपणनाव बोलण्यात टिकून आहे. हिंदू घराण्यांनी नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यांकडच्या नामावळी पाहाव्यात. वि. का. राजवाडे यांनी १९२४ साली छापलेली ‘महिकावतीची बखर’ही उपयोगी आहे, तिच्यात उत्तर कोकणातल्या कुळांच्या जुन्या हकिगती येतात. बखरीतला प्रत्येक दावा खरा मानायचा नाही, एवढे पथ्य पाळावे.

नंदाखालहून आगाशीमार्गे विरार स्थानक गाठले की गावांची फेरी पुरी होते, शोध मात्र पुढे जातो. मे १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. तिथून पुढचे मोडी कागद पुण्याच्या पेशवे दफ्तरात आहेत. पोर्तुगीज कागद पणजी आणि लिस्बनच्या अभिलेखागारांत आहेत, तर इंग्रजी अमदानीतले मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात. जमिनीचा धागा सातबारा आणि जुन्या फेरफारांतून मागे नेता येतो. नव्याने शोध घेणाऱ्याने पणजी-लिस्बनचा विचार सवडीने करावा. आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांपाशी बसून आळीचे, घराचे आणि वाडीचे नाव लिहून घ्यावे, आणि तो कागद घेऊनच चर्चच्या कार्यालयात जावे.