गुंठाभर जागा



परवा पुण्याहून एका पोरानं मेसेज टाकून विचारलं, काका, गावाकडं घर बांधायला जागा काय भावानं मिळते? पोरगं आपल्याच भागातलं, नोकरीला तिकडं. दोन ओळीत उत्तर द्यायला बसलो आणि लक्षात आलं की हे दोन ओळीचं काम नाही. म्हणून आज पिकाचं सोडून घराचं लिहितो. सोयाबीन बरं आहे, फुलात आहे, पावसानं आठ दिवस उघडीप दिली तर एक फवारणी होईल.

आमचं गाव लातूर जिल्ह्यात. काळं रान, जिरायत जास्त. आमच्याकडं रानाचा भाव आज एकरी 14 लाखाच्या घरात आहे. एकरात 40 गुंठे, म्हणजे गुंठा 35 हजाराला पडला. तोच गुंठा फाट्यावर, डांबरी रस्त्याला लागून, प्लॉट म्हणून घ्यायला गेलात तर 3 लाख. माती तीच, पाऊस तोच. चुन्याची फक्की मारून चार दगड रोवले की भाव आठपट.

आता पिकाचा हिशोब बघा. चांगलं आलं तर एकरी 10 क्विंटल सोयाबीन, म्हणजे गुंठ्याला 25 किलो. 2025-26 चा हमीभाव 5328 होता, पण गेल्या साली बाजारात चार हजाराच्या आसपासच हातात आले. म्हणजे गुंठ्याचं ढोबळ उत्पन्न हजार रुपये, त्यातून बी, खत, फवारणी, काढणी वजा करा. मग शेतकरी प्लॉटिंगवाल्याला रान का देतो हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. शिव्या देणारे लोक हजार रुपयात गुंठा राखून दाखवत नाहीत.

बरं, प्लॉट घेणारे कोण? निम्मे बाहेरचे. मास्तर, फौजदार, पुण्यामुंबईची पोरं. दहाअकरा जण मिळून दहाअकरा गुंठ्याची सामाईक खरेदी करतात, कारण तुकडेबंदीत एका गुंठ्याची रजिस्ट्री होत नाही. 2023 पासून जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे ही कमीत कमी हद्द आहे. घर कुणी बांधत नाही. प्लॉटवर बाभळी वाढल्यात, भाव वाढायची वाट चालू आहे.

आणि गावठाणात? आमच्या गल्लीत सहा वाडे आहेत. चार बंद. एका वाड्याला नमुना नंबर आठला आजोबाचं नाव आहे आणि वारस सतराजण. एक सोलापूरला, दोघं पुण्यात, आत्याची लेकरं निजामाबादला. सगळ्यांच्या सह्या कोण गोळा करणार? ड्रोननं मोजणी झाली, पण वारसांचा घोळ ड्रोनला वरून दिसत नाही. भिंत दरसाल पावसाळ्यात थोडी खचते. विकायचं म्हणलं तर विकत नाही, राहायचं म्हणलं तर कुणी राहत नाही.

तर त्या पोराला उत्तर असं की जागा गावात ढीगभर आहे आणि ज्याला राहायला पाहिजे त्याला नाही. हे मी उगंच म्हणत नाही, आमच्याच आखाड्यावरची गोष्ट आहे.

आमचा सालगडी अकरा वर्षं झाली आमच्याकडं आहे. पाडव्याला साल ठरतं, पुढच्या पाडव्याला संपतं. नवराबायको, दोन लेकरं. आखाड्यावर दहा बाय बाराचं पत्र्याचं शेड, त्यात राहतात. उन्हाळ्यात पत्र्यावर तुराट्या टाकायच्या, त्यावर ओली पोती. तरी दुपारी आत थांबता येत नाही, लिंबाखाली बाजा टाकतात. लाईट शेतीपंपाची, आठ तास, ती पण एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. पोरगी नववीला आहे, मोबाईलच्या बॅटरीवर अभ्यास करते. पावसाळ्यात शाळेला जाताना अर्धा कोस चिखल. चपला हातात, पाय रस्त्यावरच्या हापशाला धुवायचे, मग शाळा. नाग, घोणस तर सांगतच नाही.

2025 च्या फेब्रुवारीत राज्यात एकदम 20 लाख घरकुलांची मंजुरीपत्रं निघाली, त्यात याचं नाव आलं. पेढे घेऊन आला. 1 लाख 20 हजार केंद्राच्या योजनेचे, वर राज्यानं 50 हजार वाढवले, शिवाय संडासाचे 12 हजार आणि रोजगार हमीची 90 दिवसांची मजुरी. 269 फुटाचं घर. आमच्या काळ्या रानात पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्यावा लागतो, नाहीतर उन्हाळ्यात जमीन फाटली की भिंत फाटते. अर्धा पैसा पायातच जातो. तरी होईल म्हणला, बायको आणि मी हाताखाली राहू, मिस्त्रीच तेवढा लावू.

आठ दिवसात परत आला. ‘‘मालक, जागा कुणाच्या नावावर हाय म्हनले. न्हाई म्हनलं तर फाईल बाजूला ठिवली.’’

गायरानात टाकावं म्हणलं तर 2022 ला हायकोर्टानं गायरानावरची अतिक्रमणं काढायला सांगितली होती, तेव्हापासून सगळ्यांच्या मनात धाकधूक. त्याच्या बापाचं गावठाणातलं घर तिघा भावात, एकाला चार पत्रे आले असते.

आमच्या भागातल्या जुन्या लोकांना आठवत असेल. 30 सप्टेंबर 1993. पहाटेचा तो भूकंप. दगडमातीच्या भिंती आणि वर हातभर मातीचं माळवद, त्याखाली माणसं गाडली गेली. मी तेव्हा विशीत होतो, ढिगारे उपसायला गेलो होतो, त्यावर आज लिहीत नाही. पण नंतर जी नवी गावं बसली त्यात रानाप्रमाणं 250, 400 आणि 750 फुटाची घरं दिली होती, आणि ज्याला गुंठाभर रान नव्हतं त्यालाही 250 फुटाचं मिळालं होतं. म्हणजे ठरवलं तर भूमिहीनाला जागेसकट घर देता येतं. आमचं गाव वाचलं, म्हणून आमच्याकडं तसं काही झालं नाही. भ्यालेल्या लोकांनी माळवदं उतरवून पत्रे टाकले, तेवढाच फरक. माळवदाचा गारवा गेला तो गेलाच.

मी घरात म्हणलं, आपल्या रानातला एक कोपरा त्याला देऊ. नाल्याकडंचा, तिथं तसंही पाणी साचून पीक पिवळं पडतं. आमच्या घरच्यांनी ताट ठेवता ठेवताच सांगितलं, ‘‘नाल्याकडं दिला तर पोरीच्या पायाचा चिखल जातोय का? द्यायचा तर रस्त्याकडंचा द्या.’’ रस्त्याकडंचा म्हणजे 3 लाखाचा.

गड्याला सांगितलं तर तो गप्प बसला. मला वाटलं खूष होईल. मग म्हणला, ‘‘फुकट नको मालक. खरेदी करून द्या. योजनेतून जागेला पैशे मिळत्यात, उरल्याले मी सालातून फेडतो. आन् उद्या मी तुमचं साल सोडलं तर?’’

मंडळी, या प्रश्नावर मी दोन दिवस विचार केला. रान माझं, घर त्याचं, असं झालं की तो जन्मभर माझा गडी. पाडव्याला साल ठरवताना त्याला तोंड उघडता येणार नाही, कारण चूल माझ्या मातीवर. माझ्या चुलत्याच्या वेळी असेच गडी होते, पिढ्यान् पिढ्या वाड्यामागं राहिले. लोक त्याला माया म्हणायचे. मायाही होती, नाही म्हणत नाही. पण त्यातल्या एकानंही कधी मजुरी वाढवून मागितली नाही. तेव्हा रजिस्ट्रीच, आणि नावं नवराबायको दोघांची.

कायद्यात वाट आहे. मार्च 2024 च्या नियमात विहीर, शेतरस्ता आणि घरकुल यासाठी तुकड्याची खरेदी करता येते, जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी घेऊन. घरकुलाला 1000 फूट, म्हणजे गुंठ्याला थोडं कमी. शिवाय पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची जागा खरेदीची योजना आहे, 500 फुटापर्यंत जागेला पूर्वी 50 हजार मिळायचे, आता 1 लाखापर्यंत. गरजूंनी ग्रामसेवकाकडं विचारा, बऱ्याच जणांना माहीतच नाही. मी लाखात द्यायला तयार आहे, बाकीच्या जागेचे काही घेणार नाही. तेवढं ऐकून घेतलं त्यानं.

अडलंय ते घरातच. सातबारा दोघा भावांच्या नावावर आहे. धाकटा लातूरला असतो. फोनवर म्हणाला, ‘‘अण्णा, माणुसकी बरोबर हाय, पण आज एकाला दिलं की उद्या रस्त्याकडंची सगळी पट्टी जाईल. माझ्या पोराला पुढंमागं गावाकडं घर बांधायचं झालं तर?’’ त्याचंही चूक आहे असं मला म्हणवत नाही. त्याच्या पोराला मी कधी रानात पाहिलं नाही ही गोष्ट वेगळी.

पोळ्याला येतो म्हणलाय. तेव्हा समोरासमोर बसून बोलू, फोनवर असली कामं होत नाहीत. मी यंदा रस्त्याकडंचा तो कोपरा पेरलाच नाही, चारी बाजूनं खुंट्या ठोकून ठेवल्यात. तण गुडघाभर झालंय, येणारेजाणारे विचारतात पाटील इथं बी कमी पडलं का. गड्याच्या बायकोनं मात्र परवा एका खुंटीपाशी तुळशीचं रोप लावलेलं दिसलं. मी काही बोललो नाही.

ज्यांनी कुणी घरकुलासाठी अशी मंजुरी काढलीय त्यांनी कृपा करून सांगा, कोणकोणते कागद लागले आणि किती दिवस गेले. पोळ्याच्या आत कळलं तर बरं होईल.

फवारणीचं उद्या लिहितो.