दोरू नदीच्या काठी, छाटणीच्या आधी

मामांची अट एकच होती: ऑक्टोबर छाटणी सुरू व्हायच्या आत बागेत परत यायचं. निफाडकडच्या द्राक्ष बागाईतदाराने ऐन सप्टेंबरात पोर्तुगाल गाठायचं म्हणजे तसं धाडसच. पण दोरू नदीच्या खोऱ्यात नेमकी त्याच सुमारास तोडणी चालते, आणि मामांना तीच पाहायची होती. भाची म्हणून आखणी माझ्याकडे आली.

पोर्तो शहरातून सकाळी निघून रात्री परत आणणाऱ्या सहली ढीगभर आहेत. बोटीने वर जायचं, रेल्वेने परतायचं. वाटेत काराप्पातेलो धरणापाशी बोट एका हौदात शिरते, दरवाजे बंद होतात आणि पाणी भरत भरत ती 35 मीटर वर चढते. पाहण्यासारखं आहे, यात शंका नाही. पण दिवस बोटीतच सरतो, आणि ज्या उतारांसाठी एवढ्या लांब जायचं ते लांबूनच मागे पडत राहतात. म्हणून ती सहल मी बाजूला ठेवली आणि पिन्यांव या नदीकाठच्या लहानशा गावात मुक्काम धरला. तिथे खोल्या थोड्या आणि तोडणीच्या दिवसांत मागणी फार, त्यामुळे व्हिसाच्या कागदपत्रांबरोबरच आरक्षणही उरकून घेतलं. पिन्यांवला जागा मिळाली नाही, तर रेग्वा हे मोठं गाव अलीकडेच आहे.

पोर्तोहून पिन्यांव रेल्वेने सुमारे अडीच तासांवर. जाताना उजवीकडची खिडकी पकडावी. सुरुवातीला बराच वेळ नदी दिसतच नाही. मग रूळ एकदम काठाशी येतात आणि पुढे पाण्याची साथ सुटत नाही. हिरवीगार, ओलसर जमीन हळूहळू कोरडी होत जाते. मधे माराँवची डोंगररांग आहे, ती अटलांटिककडून येणारा पाऊस अडवते. हे मामांना समजावून सांगावं लागलं नाही. ‘म्हणजे इगतपुरीला कोसळतो आणि आपल्याकडे ढग नुसते तोंड दाखवून जातात, तसंच की,’ ते म्हणाले. उन्हाळ्यात इथे पारा चाळिशीच्या वर जातो. ‘नऊ महिने हिवाळा, तीन महिने नरक’ अशी तिकडची म्हणच आहे. जुलै-ऑगस्टची सुट्टी धरून येणाऱ्यांनी ती लक्षात ठेवावी.

पिन्यांवच्या स्टेशनात उतरलं की आधी भिंती पाहायच्या. 1937 मध्ये बसवलेली निळ्या-पांढऱ्या फरशांची 24 चित्रं तिथे आहेत. द्राक्षं तोडणाऱ्या बाया, पाठीवर उंच टोपल्या घेतलेले गडी, पिंपं वाहणाऱ्या राबेलो होड्या. नदीवर धरणं झाली नव्हती तेव्हा याच होड्या खळाळांतून जीव मुठीत धरून पोर्तोसमोरच्या गाया गावातल्या कोठारांपर्यंत वाइन पोहोचवत. या खोऱ्याचा अभ्यासपूर्ण नकाशा काढणारे जोसेफ फॉरेस्टर 1861 मध्ये याच नदीत बुडाले. आता पाणी संथ आहे आणि पिन्यांवच्या धक्क्यावरून राबेलोतून फेरी मारता येते. बोटीची हौस तेवढ्याने भागते.

मात्र खरा वेळ द्यावा तो उतारांना. काठापासून माथ्यापर्यंत दगडी बांधांच्या पायऱ्या, चुना-सिमेंट न लावता रचलेल्या. दगड शिस्टचा. मामांनी एक तुकडा उचलून नखाने टोकरला, तर त्याचे पापुद्रे सुटले. मातीचा थर जेमतेम, खाली हाच खडक. त्याच्या फटींतून वेलींची मुळं ओलीच्या शोधात खोल उतरतात. ‘ठिबकच्या नळ्या कुठायत?’ हा मामांचा पहिला प्रश्न होता. इथल्या जुन्या बागा पावसावरच वाढल्या आहेत. वर्षाला एक पीक, हिवाळ्यात एक छाटणी आणि मग झोप. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी करून वेलीला विसावा म्हणून मिळत नाही. ही तुलना मामा संध्याकाळभर करत होते.

मधेच काही पायऱ्या ओसाड दिसतात, काहींवर ऑलिव्हची झाडं. 1860 च्या दशकात फिलॉक्सेरा ही मुळं खाणारी कीड इथे आली आणि बागाच्या बागा गेल्या. पुढे अमेरिकन खुंटावर कलमं करून लागवड सावरली, पण सगळ्या पायऱ्या पुन्हा लागल्या नाहीत. ‘आमचा डॉगरिज खुंटसुद्धा अमेरिकेचाच,’ मामा म्हणाले आणि एका वेलीच्या बुंध्याशी वाकून कलमाची गाठ शोधू लागले. ती सापडल्यावरच पुढे निघाले.

पोर्तुगालचे तेव्हाचे मंत्री मार्केस द पोंबाल यांनी 1756 मध्ये या वाइन-प्रदेशाची सीमा आखून दिली आणि हद्दीवर ग्रॅनाइटचे खांब रोवले गेले. 2001 मध्ये युनेस्कोने हे खोरं जागतिक वारशात घेतलं. मला त्यात सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती अशी की, हा वारसा म्हणजे राजवाडा नाही की चर्च नाही. शेतमजुरांनी हातांनी रचलेले बांध आहेत, आणि त्यांवर आजही पीक निघतं.

किन्ता, म्हणजे द्राक्षमळा आणि त्यातला वाडा, पाहायचा असेल तर आधी लिहून वेळ ठरवावी. तोडणीच्या धांदलीत काही मळे पाहुणे घेतच नाहीत. आम्हाला जिथे प्रवेश मिळाला, तिथे ग्रॅनाइटच्या उथळ हौदात माणसं खांद्याला खांदा लावून, एका तालात द्राक्षं तुडवत होती. रस मांड्यांपर्यंत, पाय जांभळे. आंबणं अर्ध्यावर असताना त्यात 77 टक्के मद्यार्क असलेलं द्राक्षांचंच स्पिरिट घालतात. त्याने आंबणं थांबतं, साखर शिल्लक राहते आणि इथली पोर्ट वाइन गोड लागते. मामा माळकरी, त्यांनी ताजा रस तेवढा चाखला. जेवणाचीही अडचण झाली नाही. पाव, चीज, ऑलिव्ह, उकडलेले बटाटे आणि अंजिरं होती. काल्दु व्हेर्द हे पालेभाजीचं सूप मात्र सॉसेजचा तुकडा नको म्हणून आधीच सांगून मागवावं.

आखणीत पिन्यांवच्या पुढचा पोसिन्योपर्यंतचा रेल्वेचा टप्पाही जरूर ठेवावा. तिथे बऱ्याच अंतरापर्यंत काठाला रस्ता नाही, फक्त रूळ आहेत. तुआ स्टेशन सोडल्यावर गाडी पूल ओलांडून दक्षिण काठावर जाते, तेव्हा जागा बदलून डावीकडे बसायचं. गाड्या मोजक्याच, म्हणून परतीची वेळ बघूनच चढावं. पूर्वी ही रेल्वे स्पेनच्या सीमेवरच्या बार्का द आल्वापर्यंत जायची. पोसिन्योपुढचा तो तुकडा 1988 मध्ये बंद झाला.