कडेचा उंट

पटाचा मध्य ज्याच्या हातीं, डाव त्याच्या हातीं, असें आम्ही बुद्धिबळें शिकणाऱ्या मुलांना नेहमीं सांगत आलों आहों. गेल्या दिवाळीच्या सुटींत हौशी खेळाडूंच्या एका स्पर्धेंत आमची गांठ एका चौदा वर्षांच्या मुलाशीं पडली. पांढरीं मोहरीं त्याचीं होतीं. त्यानें आरंभीं राजाकडील घोडा काढला, वजिराकडील उंटापुढचें प्यादें दोन घरें सारलें, आणि राजाकडील घोड्यापुढचें प्यादें एक घर पुढें करून त्याच्या मागच्या घरांत उंट बसविला. मधल्या चार घरांत त्याचें एकही प्यादें नव्हतें!

ही तऱ्हा आम्हांस अपरिचित नव्हती. १९२४ सालीं न्यूयॉर्क येथें रिचर्ड रेटी यानें अशाच मांडणीनें जगज्जेत्या कॅपाब्लांकास हरविलें. आठ वर्षांतील त्याचा तो पहिला पराभव. परंतु वाचलेलें वेळेवर आठवेल तर ना! समोर पोर आहे, एवढेंच आम्हीं पाहिलें व प्यादीं लोटून मध्य बळकाविला.

पुढें त्यानें आपला घोडा बाजूस घेतला. आम्हीं उत्साहानें वजिराकडील घोड्यास हात घातला, आणि तेव्हांच ध्यानांत आलें. त्या बाजूचें प्यादें आम्हीं आधींच सरकविलें होतें. घोडा हलतांच कडेच्या उंटाची तिरपी वाट थेट आमच्या कोपऱ्यांतील हत्तीपर्यंत मोकळी होणार होती.

चालण्याच्या हेतूनें शिवलेलें मोहरें चालविलेंच पाहिजे, असा नियम आहे. पण मुलगा खालीं मान घालून आपली चाल टिपीत होता, आणि पंच दूर होते. खोटें कशास सांगावें? आम्हीं हात मागें घेतला. मग मिनिटभर पटाकडे नुसतें पाहत बसलों. परीक्षेंत नक्कल करणाऱ्या मुलांपुढें आम्हीं केलेलीं भाषणें एकामागून एक आठवूं लागलीं.

अखेर आम्ही म्हणालों, “बाळ, मी घोड्याला हात लावला होता,” आणि घोडा चालविला.

“पाहिलं होतं, सर.”

“मग बोलला कां नाहींस?”

“तुम्ही सांगाल असं वाटलं,” तो म्हणाला, आणि त्यानें हत्ती उचलला.

थोड्याच वेळांत डावही गेला. विद्यार्थी मित्रहो, मध्याचा धडा आम्ही अजूनही शिकवितों, कारण तो खोटा नाहीं. परंतु वर्गांत कडेच्या बाकावर गप्प बसलेल्या मुलाकडे दृष्टि गेली, कीं आतां आम्हांस तो उंट आठवतो.