मित्रसंख्या

गणिताच्या पेपरवर नाव लिहिण्याआधी आम्ही भावंडं वरच्या कोपऱ्यात ७८६ लिहायचो. त्या संख्येला कशाकशाने भाग जातो, हे मात्र कुणी कधी काढून पाहिलं नाही. (२ गुणिले ३ गुणिले १३१, एवढंच ते आहे.) आकडा आमच्या घरी बरकतीसाठी होता, तावीजसाठी होता, नोटेवर सापडला तर जपून ठेवण्यासाठी होता. जलशात वक्ते सांगत, बीजगणित आपण जगाला दिलं. आम्ही टाळ्या वाजवायचो आणि घरी येऊन झोपायचो.

मग एका रमजानमध्ये एका पुस्तकात ९३,६३,५८४ ही संख्या भेटली. तिची जोडीदार ९४,३७,०५६. पहिलीचे, ती स्वतः सोडून, सगळे विभाजक मिळवले की दुसरी येते. दुसरीचे मिळवले की पहिली. म्हणून या मित्रसंख्या. सर्वांत लहान जोडी २२० आणि २८४ ची. हे दोन आकडे प्रेमाच्या तावीजात वापरतात, असं इब्न खल्दूनने मुकद्दिम्यात नोंदवलं आहे. म्हणजे तावीज तेव्हाही होतेच! पण त्याच्या कितीतरी आधी, नवव्या शतकात, साबित इब्न कुर्राने अशा जोड्या शोधण्याचं सूत्र सिद्धतेसह मांडलं होतं. बगदादमध्ये काम करणारा साबित हर्रानचा, साबी पंथाचा, मुसलमान नव्हे. जलशात हे कुणी सांगत नाही. त्या सूत्रातून आजवर तीनच जोड्या निघाल्या. १७,२९६ आणि १८,४१६ ही जोडी १३०० च्या सुमारास कमालुद्दीन फारसीने दिली, आणि आमची ही मोठी सतराव्या शतकात इराणच्याच मुहम्मद बाकिर यज्दीने. युरोपात ती देकार्तच्या नावावर आहे, १६३८ ची.

तरावीहनंतर पाठकोरे कागद घेऊन आम्ही पडताळा करायला बसलो. आपा आमच्यात मोठी. दहावीला गणितात घरात सर्वांत जास्त गुण तिचे, आणि सोळाव्या वर्षी शाळा सुटली तीही तिचीच.

पहिली संख्या म्हणजे २ चा सातवा घात गुणिले १९१ गुणिले ३८३. दुसरी म्हणजे २ चा सातवा घात गुणिले ७३,७२७. आता ७३,७२७ मूळ संख्या आहे कशावरून? २७१ पर्यंतच्या सगळ्या ५८ मूळ संख्यांनी भागून पाहायचं, दर वेळी बाकी उरलीच पाहिजे. भागाकार आम्ही वाटून घेतले. रात्र सरत आली तरी पहिलीच्या एकतीस विभाजकांची बेरीज जुळेना. उत्तर ९४,३७,०५५ येत होतं.

"एक कमी पडतोय ना? मग एकच विसरलात," आपा म्हणाली. खरंच, आम्ही १ हा विभाजक धरलाच नव्हता.

मग तिने कागद ओढून घेतला. १९२ गुणिले ३८४ म्हणजे ७३,७२८. त्यामुळे, संख्या स्वतः धरली तर, दोघींच्याही सगळ्या विभाजकांची बेरीज एकच, १,८८,००,६४०. त्यातून एक वजा केली की दुसरी उरते. आमची पाच पानं तिने चार ओळींत आटोपली.

पुस्तकात पुढे होतं, १८६६ मध्ये इटलीतल्या एका सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याने १,१८४ आणि १,२१० ही जोडी शोधली. इतकी लहान जोडी, साबितच्या सूत्रात न बसणारी, भल्याभल्यांच्या नजरेतून सुटलेली. आम्ही मोठ्याने वाचलं.

"मुलगा होता ना?" आपाने विचारलं, आणि सहेरीच्या भाकऱ्या थापायला उठली. पीठ मळताना ती १,१८४ चे विभाजक तोंडी मोजत होती.