पोर मैदानावर गेलं म्हणून

पोरगं कृषी पदवीला गेलं आणि कबड्डीच्या संघात शिरलं, की घरी कुरकुर सुरू होते. वरवंडच्या तलावाकडं उसाचे प्लॉट पाहत फिरताना हे गाऱ्हाणं मी बऱ्याच बांधांवर ऐकतो.

राहुरीचं कृषी विद्यापीठ 1968 साली निघालं. त्याच्याकडं आलेलं पुण्याचं कृषी महाविद्यालय त्याहून साठेक वर्षं जुनं. मी तिथलाच. मोठ्या विद्यापीठांपुढं आमची मुलं मोजकी. संघ निवडायचा तर गडी शोधावे लागत. सकाळी प्रात्यक्षिकाचा वाफा, संध्याकाळी मैदान. सामने पुष्कळ हरलो, पण एक कळलं. पकड एकट्याची नसते. साखळी सुटली की चढाईवाला निसटतो. चारीवर पाण्याची पाळी ठरवताना हेच शिक्षण मला आजही उपयोगी पडतं.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकले. 1952 साली हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले, तेव्हा त्या कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण टाकून 7,000 रुपये उभे केले. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

तुम्ही घर गहाण टाकू नका. पोराला, आणि पोरीलाही, बुटांचा एक जोड घ्या. सुट्टीत घरी आली, तर धारा आटोपल्यावर तासभर मोकळं सोडा. अभ्यास बुडत असेल तर जरूर कान धरा. पण नुसतं खेळतात म्हणून धरू नका.