दुसऱ्यांदा खेळताना

एखादी कृती दुसऱ्यांदा अनुभवताना पहिल्यापेक्षा अधिक आवडली, तर त्या आवडीकडे समीक्षकाने आधी संशयानेच पाहिले पाहिजे. आपल्याला ती कृती आवडते, की तिच्या निमित्ताने पुन्हा भेटणारे आपले गेलेले वय? ‘स्मरणरंजन’ हा शब्द मराठी समीक्षेत किंचित तुच्छतेने वापरला जातो, तो याच संशयापोटी. मला हा प्रश्न अलीकडे पडला तो मात्र एखाद्या कादंबरीमुळे नव्हे, तर एका व्हिडिओ गेममुळे. जॉर्डन मेकनर यांचा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ (१९८९) मी शाळकरी वयात अकोल्याला खेळले होते. पंचवीसहून अधिक वर्षांनी तो अमरावतीच्या घरी पुन्हा अथपासून इतिपर्यंत खेळले, आणि पूर्वी कधी आवडला नव्हता एवढा तो आवडला.

कथानक परिकथेचे आहे. वजीर जाफरने राजकन्येला एका तासाची मुदत दिली आहे. तळघरात कोंडलेल्या राजपुत्राने ६० मिनिटांत मनोऱ्यापर्यंत पोहोचायचे. आमचा मामेभाऊ ज्या संगणक वर्गात शिकत होता, तिथे चपला बाहेर काढून, देवळात जावे तसे आत जावे लागे. एकाच कळफलकावर आम्ही दोघे बसत असू. बाणांच्या कळा दादाकडे, शिफ्टची कळ माझ्याकडे. धावायचे, उडी घ्यायची ती त्याने. कठडा धरायचा तो मी. “दाब नं वं लवकर!” हे त्याचे ओरडणे अजून कानात आहे.

या खेळात चौथ्या पातळीवर एक आरसा वाट अडवतो. त्यातून उडी मारली की राजपुत्राची सावली आरशाच्या पलीकडे निसटते आणि त्याचे बळ कसेबसे शिल्लक उरते. पुढे ही सावली त्याचे औषध पिऊन टाकते, त्याच्या तोंडावर दार लावते आणि शेवटी तलवार घेऊन समोर उभी राहते. तिच्यावर केलेला प्रत्येक वार राजपुत्रालाच लागतो. उपाय एकच : तलवार म्यान करणे. मग दोघे एकमेकांत मिसळतात आणि पुढे जिथे केवळ पोकळी दिसत होती, तिथे पावलागणिक फरशी उमटत जाते.

हा उपाय दादाने कोणाकडून तरी आधीच ऐकला होता : ‘खालचा बाण दाबायचा.’ आम्ही तो दाबला आणि पुढे गेलो. परीक्षेच्या आदल्या रात्री गाईडमधले उत्तर पाठ करावे, तसे ते उत्तर प्रश्न कळण्यापूर्वीच हाती आले होते. या वेळीही उत्तर मला ठाऊक होतेच. परंतु घाई नव्हती, म्हणून प्रथमच प्रश्न दिसला. स्वतःशी लढणाऱ्याला जिंकता येत नाही, एवढा आशय या खेळाने एकही शब्द न वापरता, केवळ एका कृतीच्या रचनेतून मांडला आहे. नंतर वाचनात आले की त्या वेळच्या ॲपल संगणकाच्या तोकड्या स्मृतीत नव्या शत्रूच्या चित्रांना जागाच उरली नव्हती. म्हणून राजपुत्राच्याच आकृतीवर गणिती प्रक्रिया करून ही सावली घडवण्यात आली. माध्यमाची मर्यादाच येथे आशयाचे कारण झाली. राजपुत्राच्या हालचालीही मेकनर यांनी आपल्या धाकट्या भावाच्या धावण्या-उडण्याच्या चित्रफितीवरून रेखाटल्या होत्या.

आरंभीच्या संशयाचे उत्तर मला येथे मिळते. स्मरणरंजन असते तर मला ती खोली आणि दादाचे ओरडणे आवडले असते. आणि ते आवडतेच, पण ते पडद्यावर नाही. पडद्यावर जे आवडले, ते माझ्या स्मरणात नव्हतेच. स्मरणात होती ती केवळ एक कळ. याउस यांनी कवितेच्या पहिल्या, आस्वादक वाचनापासून दुसरे, अर्थशोधक वाचन वेगळे केले, ते याच कारणाने. आपल्याकडे तर यासाठी ‘पारायण’ हा जुना शब्द आहे. शेगाव जवळ असल्याने वऱ्हाडातल्या कितीतरी घरांत ‘गजानन विजय’ ग्रंथाचे पारायण होते. प्रत्येक अध्यायाचा शेवट वाचणाऱ्याला ठाऊक असतो आणि त्यामुळे वाचन थांबत नाही.

खेळाचे पारायण मात्र अधिक कठोर आहे. पुढची उडी कोठे घ्यायची हे ठाऊक असूनही बोट क्षणभर चुकले की राजपुत्र सुळ्यांवर पडतो. जाणणे आणि साधणे यांतील अंतर संहिता वाचकाला असे प्रत्यक्ष दाखवत नाही. तेथे ते आपल्याला लपवता येते.

सहा महिन्यांच्या सत्रात कादंबरी एकदा वाचून होते, तेच पुष्कळ, अशी आज आमच्या वर्गांची अवस्था आहे. शेवट ठाऊक असताना ती पुन्हा का वाचायची, असे विद्यार्थी विचारतात. पहिल्या वाचनात आपण शेवटाकडे धावत असतो आणि धावताना आरसा हा केवळ अडथळा वाटतो, असे मी त्यांना यापुढे सांगेन.