कचऱ्याच्या ढिगावरचे रान

गेल्या रविवारी वस्तीतील अभ्यासवर्गाची २१ मुले-मुली घेऊन आम्ही धारावीजवळच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात श्रमदानासाठी गेलो होतो. मिठी नदीच्या काठी सुमारे ३७ एकरांवर हे रान उभे आहे. १९७७ पर्यंत येथे मुंबईचा कचरा पडत असे. त्याच जागेवर १९८३ मध्ये पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांच्या हस्ते पहिले रोप लागले आणि १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी खुले झाले.

सकाळी रोपवाटिकेत पिशव्यांत माती भरण्याचे काम मिळाले. मुले रमली. नंतर वाटेवरचे प्लास्टिक वेचायचे ठरले, तेव्हा दहावीतली एक मुलगी हात मागे घेऊन उभी राहिली. म्हणाली, "काका, माझी आई रोज हेच करते. हे सुटावं म्हणूनच मी शिकते ना?"

आम्हाला चटकन उत्तर सुचले नाही. पिढ्यान्‌पिढ्या लादलेल्या कामाला श्रमदान म्हणता येत नाही, हे तिचे म्हणणे खरेच होते. "तू माती भर, बाळ. सक्ती नाही," असे म्हणून आम्हीच पोते घेऊन वाकलो. मागोमाग बाकीची मुले आली.

निघताना तिने विचारले, "इथे दोन तासांसाठी सगळ्यांना हातमोजे दिले. आईला का मिळत नाहीत?"

मुलांना हे रान जरूर दाखवावे. आम्ही मात्र हा प्रश्न घेऊन परतलो. हातमोज्यांसाठी अर्ज करायचे ठरले आहे. कारकुनीत आम्ही पुष्कळ मसुदे लिहिले. हा मात्र तीच लिहिणार आहे.